शेवटचा घोडा

अलिबागच्या बुद्धिबळ क्लबात काळे मोहरे ज्याच्या वाट्याला येतील त्याने, पहिलं प्यादं हलायच्या आधी, डाव देशी की विलायती ते ठरवायचं. १९५८च्या निवड सामन्यात बाळाजी वकील म्हणाले, "देशी."

"चालंल की, वकीलसाहेब," बुधाजी हसला.

मिठागरावरच्या बुधाजीला हा डाव जिंकायलाच हवा होता. जिंकला तर मुंबईला जाणाऱ्या जिल्ह्याच्या संघात जागा. बरोबरी झाली तर गेल्या वर्षीचा माणूस कायम, म्हणजे वकीलच. तीन वर्षं बुधाजी राखीव बसला होता.

देशी रीतीने दोघांनी सुरुवातीच्या चार-चार चाली एका दमात मांडून घेतल्या; प्यादी एकेक घर. लहानपणी बुधाजी बापाशी असंच खेळायचा. क्लबात आल्यापासून मात्र फक्त विलायती. वकिलांनी राजाभोवती प्याद्यांची भिंत उभी केली, ती बुधाजीने उंट देऊन फोडली. दुपारपर्यंत वकिलांकडे राजा आणि एकटा घोडा उरला; बुधाजीकडे वजीर आणि हत्ती.

"कोर्टातपन असंच हरता काय?" बुधाजीच्या मेहुण्याने, दादूने, मागून डिवचलं.

"कोर्टात तारीख मागता येते रे," म्हणत वकिलांनी घोडा थेट हत्तीच्या तोंडी दिला.

बुधाजीने तो उचलला आणि हत्ती आपटून ठेवला.

"बुर्जी," वकील हळूच म्हणाले.

देशी खेळात समोरचा राजा एकटा पडला की बुर्जी, डाव बरोबरीत. म्हणून शेवटचा मोहरा मारायचा नाही, तो ठेवूनच मात करायची. बापाने हे सगळ्यात आधी शिकवलं होतं.

"अरं, काय केलंस ह्ये!" दादू ओरडला. "वकील, ही लबाडी हाय!"

"लबाडी कसली? घोडा मी दिला. घ्याच, असं म्हणालो का?"

पंच दिनानाथांनी विचारलं, "बुधाजी, देशी ठरलं होतं ना?"

"व्हय," बुधाजी म्हणाला. "ठरलं व्हतं."

वकिलांची जागा कायम झाली. माणसं उठली. बुधाजीने मुठीतला घोडा पटावर परत ठेवला, हत्ती मागे घेतला, वजीर एक घर सरकवला. मात. त्याने पुन्हा सगळं मांडलं, पुन्हा वजीर सरकवला.

"चल रं," दादू म्हणाला. "रेवसची एसटी सुटंल."

"थांब," म्हणून बुधाजीने वजीर परत उचलला.