बघणारं कोणी नाही

काठी मिळाली, पण काठीबरोबर तिचे मालक दगाआप्पाही लिंबायतहून सुरतच्या कोर्टापर्यंत आले. वस्तू उसनी दिली तरी नजरेआड होऊ द्यायची नाही, असा त्यांचा बाणा होता.

"मंगलाबाई, जरा वाका ने," वकील हितेशभाई म्हणाले. "आजारी माणूस असं ताठ चालतं काय? केस विस्कटून आलात ते मात्र बरं केलंत."

मंगलाबाई वाकल्या. गेल्या वर्षभरात त्यांचा खोकला गेला होता, वजन वाढलं होतं. अपिलाच्या दृष्टीने ही फार वाईट गोष्ट होती.

मुलगा योगराज बायकोचा हात मोडल्याबद्दल तीन वर्षांसाठी आत गेला होता. गुन्हा नाकारण्यात अर्थ नव्हता. शिक्षा तेवढी कमी करून मागायची होती. मुद्दा एकच: म्हातारी आई आजारी, बघणारं कोणी नाही.

बघणारी सून, नूतन, डबा आणि गोळ्या घेऊन मागेच उभी होती.

"तू बाहेर बस, बेन. तू दिसलीस की मुद्दा गेला."

"बसते ना. पन आत्याबाईंना अकराची गोळी द्या. विसरतात त्या."

दगाआप्पा भिंत धरत आत शिरले, तेव्हा शिपायाने कळवळून त्यांनाच खुर्ची दिली. मंगलाबाई काठी घेऊन उभ्या राहिल्या.

समोरच्या टीव्हीवर जेलमधला योगराज दिसत होता. आवाज बंद ठेवला होता. तो बोट नाचवून बोलतोय आणि घरातलं कोणी दचकत नाही, हे मंगलाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

"पोर्‍या वाळी गया वं," दगाआप्पा पुटपुटले.

खरंच वाळला होता.

जजसाहेबांनी मान वर केली. "माजी, घरे तमारी संभाळ कोण राखे छे?"

उत्तर ठरलेलं होतं: 'कोई नथी.' कोणी नाही. दोनच शब्द. रोज केस विंचरताना नूतननेच ते त्यांच्याकडून घोकून घेतले होते. म्हातारीला मुलगा हवा असणार, एवढं तिला कळत होतं.

मंगलाबाईंचा हात डोक्यामागे, एका बाजूला कललेल्या अंबाड्यावर गेला.

"सून शे ना, साहेब," त्या म्हणाल्या. "बाहेर बठेल शे."

हितेशभाई खाली बसले. टीव्हीवरचे ओठ हलतच होते. शिक्षा कायम राहिली.

बाहेर येताच दगाआप्पांनी आधी काठी ताब्यात घेतली. नूतनने निकाल विचारला नाही.

"गोळी दिली का कोनी?"

"नाही."

मंगलाबाई बाकावर बसल्या आणि नूतनकडे पाठ केली. अंबाडा सुटला होता. नूतनने पिना दातांत धरल्या. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने ती केस गोळा करू लागली.