झुलेखाभाभीच्या चटणीचा वास

मी डबा बोलतोय. पितळेचा, दोन पुडांचा, ज्योतीराम फिटरचा. माझी एक खोड आधीच सांगून टाकतो: मी भोचक आहे. झाकण लागलं तरी माझे कान उघडे असतात, आणि माणसं अशी का वागतात हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पुण्यात एका तांबटानं मला ठोकून घडवलं, रविवार पेठेतल्या दुकानात चार महिने टांगलं आणि सहासष्ट साली ज्योतीरामनं मला विकत घेतलं. बार्शीकडचा गडी. चिंचवडच्या एका लहानशा कारखान्यात नुकताच लागला होता. चिखलीत भाड्याची खोली, बायको शालनबाई, पुढं दोन मुली झाल्या. शालनबाई मला चिंचेनं घासायची आणि वर्षातून दोनदा आतून कल्हई करून घ्यायची. ती कल्हई उडाली की आमटी कळकते, कडू होऊन बिघडते, मग मी बाहेरून कितीका चमकेना.

कारखान्यातली जेवणाची सुट्टी म्हणजे आमची जत्राच. लिंबाखाली दहा-बारा डबे एकदम उघडायचे आणि कोणाचा हात कोणाच्या डब्यात, काही पत्ता नसायचा. ज्योतीरामचा जोडीदार मीरासाहेब, मूळचा मिरजेचा. "भरल्या डब्यानं आलास राव, रिकाम्यानं कशाला जातोस?" म्हणत तो माझ्या खालच्या पुडात चमचाभर चटणी घालायचाच. लसणाची लाल चटणी, त्याची बायको झुलेखाभाभी कुटायची. शालनबाई उलट त्याच्यासाठी एक धपाटं जास्तीचं बांधायची. नऊ वर्षांत त्या दोघी तीनदा भेटल्या असतील नसतील, पण एकमेकींच्या हातची चव त्यांना पाठ होती. संध्याकाळी माझं झाकण काढून वास घेतल्याशिवाय शालनबाई चुलीकडं वळायची नाही.

पंच्याहत्तरच्या जुलैत कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. मालक गायब, कुलपाशेजारी नुसता एक कागद. मीरासाहेब म्हणाला, "चला, आधी घरी जाऊन बायकोच्या शिव्या खाऊ, मग काम शोधू." ज्योतीराम हसला. मला वाटलं, हाही तेच करणार. पण शालनबाईनं विचारलं, "आज लवकर कसे?" तर पठ्ठ्या म्हणाला, "लाईट गेली."

दुसऱ्या दिवशी भांग पाडून, मला सायकलच्या हँडलला अडकवून पहिल्या शिफ्टच्या वेळेला निघाला. दोन आठवडे त्यानं पिंपरीपासून भोसरीपर्यंत कंपन्यांची फाटकं पालथी घातली. जागा नाही, जागा नाही. तिसऱ्या आठवड्यात विचारणंच सोडलं. चिंचवडच्या घाटावर जाऊन बसायचा आणि पवनेच्या पाण्याकडं बघत पुटपुटायचा, "भाडं, वाणी, पोरींची शाळा... भाडं, वाणी, पोरींची शाळा..."

मला नवल वाटायचं. पगार गेला, हे कळलं. पण त्याच्याबरोबर या माणसाची भूक का जावी? झोप का जावी? एकदा धाकटीनं वही मागितली तर ताट भिरकावलं. आयुष्यात कधी पोरीवर आवाज न चढवलेला माणूस! मग मला माझीच आठवण झाली. कपडे इस्तरीचे, केसांना तेल, आणि आतून गडी कळकत चालला होता.

भाकरी तो माशांना घालायचा आणि मला नदीत घासून लख्ख धुवायचा. डबा रिकामा दिसला म्हणजे झालं, असा त्याचा हिशेब. तिथंच चुकला बिचारा. कारखान्यातला कोण कामगार डबा धुऊन घरी नेतो?

शालनबाईनं वास घेतला, तर चटणीचा पत्ताच नाही. "मीरासाहेब भावजींशी भांडलात का?"

"न्हाई गं. भाभी माहेरी गेल्यात."

महिनाभर भाभी माहेरीच! शालनबाई रोज झाकण काढायची, वास घ्यायची आणि चुलीकडं वळायची. एका सकाळी तिनं चार धपाटी बांधली. "ही भावजींना द्या. भाभी न्हाईत, उपाशी असतील."

घाटावर त्यानं मला उघडलं आणि ती धपाटी बघून माणूस ढसाढसा रडला. ही काय माशांना घालायची? मला झाकून पायरीवर ठेवलं. शेजारी चपला काढल्या, जोडीनं, नीट. आणि पाण्यात उतरला. श्रावणातली भरलेली नदी. गुडघा बुडाला, कंबर बुडाली. देवा, मी जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. ओरडायला तोंड होतं कुठं मला!

तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला. नऊ वर्षं भोंग्यावर चाललेले पाय, आपोआप मागं वळले. तो वर आला, मला उचललं आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेला. मला रिकामं करायचं विसरला.

"भावजींना आवडली का धपाटी?" शालनबाईनं विचारलं.

"लई आवडली."

तिनं झाकण काढलं. चारही धपाटी जशीच्या तशी. मग तिचं लक्ष त्याच्या कपड्यांकडं गेलं. "आज पाऊस न्हाई पडला," ती हळू आवाजात म्हणाली. "मग कमरेपर्यंत कसे भिजलात, अवो?"

तो म्हणाला, "कारखाना गेला, शालन."

ती मला मांडीत धरून खालीच बसली. किती घट्ट धरलं होतं म्हणून सांगू! "कारखाना गेला तर जाऊ दे. तुमी गेलात तर मी डबा कुणाचा भरू?"

दुसऱ्या दिवशी माझ्यात दोघांचं जेवण होतं. ती त्याला थेट मीरासाहेबाकडं घेऊन गेली. मीरासाहेब आधी भडकला, "एवढे दिवस झाले, माझ्या दारात यायला लाज वाटली व्हय रे तुला?" मग त्याला मिठी मारून रडला. त्याच्याच ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की चिंतेनं झोप-भूक उडते, छाती धडधडते, हाही आजारच. औषध घ्या आणि एकटं बसू नका. त्याला सावरायला दिवाळी उजाडली. काम त्याच्याही नंतर, भोसरीत लागलं, मीरासाहेबाच्या शेजारच्या मशीनवर.

आता ब्याऐंशी साल आहे. घरात स्टीलचा डबा आला आणि मी फळीवर बसलोय, पोटात बटणं आणि सुईदोरा घेऊन. माझी तक्रार नाही. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे, की घरी आलेल्या माणसाचा डबा नुसता रिकामा आहे का ते बघू नका, त्याला वास कसला येतोय तेही बघा.

शालनबाई अजून रोज संध्याकाळी त्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढून वास घेते. दारात चपला काढता काढता ज्योतीराम विचारतो, "काय म्हणतोय डबा?"

"म्हणतोय," ती म्हणते, "भाभीचा आज लसूण जास्त झालाय."