ठिपक्याचं नाव

भिंगवाला गेला त्याला चार महिने झाले, आणि लघुग्रहांना नावं देणाऱ्या समितीचं पत्र परवा आलं. समितीला कसली घाई असणार म्हणा.

भिंगवाला माझा मित्र. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी दुर्बिणीचे आरसे. मी शाळेत गणित शिकवतो. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी त्याच्याकडे बसून आम्ही आकाशाचे फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक बघत होतो. त्याने एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, हा सरकतोय बघ."

माझं लक्षच नव्हतं. पण नवा लघुग्रह कळवायचा फॉर्म भरायचं काम कायम माझ्याकडे. शोधणाऱ्याच्या जागी मी माझं नाव लिहिलं. मोह झाला, उगाच सारवासारव कशाला करू? तुझं नंतर जोडू म्हणालो, आणि ते राहिलं ते राहिलंच. त्याने चकार शब्द काढला नाही.

कक्षा पक्की व्हायला आठ वर्षं गेली. मग नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याला, म्हणजे मला. मी भिंगवाल्याचं नाव पाठवलं. वाटलं, झाली भरपाई. तोवर त्याने अंथरूण धरलं होतं. मंजूर झाल्यावरच सांगू म्हणून गप्प राहिलो.

पत्र फ्रेम करून वहिनींकडे घेऊन गेलो. त्यांनी दोनदा वाचलं.

"छान केलंत, भावोजी." मग भिंतीवरच्या लेकीच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना फार वाटायचं, त्या ठिपक्याला चिमीचं नाव लागावं."

चिमी त्यांची मुलगी. सातव्या वर्षी तापाने गेली.

"मग मला बोलला का नाही?"

"मी म्हणायचे, विचारा. तर म्हणायचे, शोध मास्तरच्या नावावर आहे, कोणत्या तोंडाने मागू?" त्यांनी फ्रेम उलटी करून पाहिली. "आता बदलता येतं का हो?"

"नाही. एकदा जाहीर झालं की कायमचं."

म्हटलं, आता तरी बोल लेका.

"वहिनी, तो ठिपका मी शोधला नव्हता. तो त्याने..."

"माहीत आहे. त्या दुपारी चहा घेऊन मीच मागे उभी होते."

नऊ वर्षं ही बाई मला चहा देत आली होती. साखर कमी, मला लागते तशी.

फ्रेम त्यांनी चिमीच्या फोटोखाली टेबलावर ठेवली.

"बसा, चहा टाकते," म्हणाल्या.

मी बसलो. उठून जायचीसुद्धा लाज वाटत होती.