साखरेसमोर निवडलेला बॅरल

साखर म्हणजे माझी मामेबहीण. हे काही तिचं खरं नाव नाही. बँडचे सर एकदा तिची क्लॅरिनेट ऐकून म्हणाले, "काय साखर आहे!" आणि ते नाव चिकटलं. मी वाजवायला लागल्यावर वर्षभराने ती आली. कानामागून आली आणि गोड झाली!

तिची क्लॅरिनेट नेहमीची, मोठी. माझी छोटी. छोटीचा आवाज उंच, बारीक, जरासा चढलेला. दादा त्याला सरळ 'कुकरची शिट्टी' म्हणतो. आणि शनिवारी सर ठरवणार होते, कार्यक्रमाच्या सुरुवातीचा सोलो छोटीवर वाजवायचा की मोठीवर. म्हणजे मी की साखर. मला तो हवा होता, बस्स.

म्हणून नवा बॅरल. बॅरल म्हणजे तोंडात धरायच्या भागाखालचा, बोटापेक्षाही आखूड लाकडी तुकडा. तो बदलला की आवाज बदलतो. बाबा तयार झाले, पण आई म्हणाली, "साखरेला घेऊन जा गं. तिचा कान चांगला आहे."

"आणि माझे काय, फक्त डूल अडकवायला दिलेत?"

तरी ती आलीच.

वाद्यवाल्या काकांनी काउंटरवर मऊ कापड पसरून तीन बॅरल मांडले. एक आखूड, एक माझ्या जुन्याएवढाच पण गडद लाकडाचा, आणि एक लांब. साखर समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर, मान जराशी कलती. परीक्षेला बाहेरून आलेली बाई जशी! आखूड बॅरल लावून मी दात-ओठ खाऊन फुंकलं. सूर मोजायच्या ट्यूनरचा काटा पार उजवीकडे. सूर चढला. गडद बॅरल लावला, तरी चढलेलाच.

"लांब लावून बघ," काका म्हणाले. "बॅरल लांब, की सूर खाली येतो."

लावला. काटा बरोब्बर मधोमध! मी आनंदाने उडीच मारली.

साखर म्हणाली, "हा नको घेऊस. गडदवाला घे."

"का? काटा दिसत नाहीये का तुला?"

"दिसतोय. पण घरी तू अशी वाजवत नाहीस."

मनात म्हटलं, आहा! जळतेय! साखर करपल्याचा वास आला मला. इतकं बरं वाटलं की लांब बॅरल आणखी सुंदर दिसायला लागला. तोच घेतला.

शनिवारी सरांनी एकेकीला आत बोलावलं. साखर तिचं वाजवून बाहेर गेली, दार बंद झालं. खोलीत सर, मी आणि रिकाम्या खुर्च्या. जबडा कसा सैल, श्वास पोटापासून. मी वाजवलं आणि खरं सांगते, इतका गोल सूर माझ्या क्लॅरिनेटमधून कधीच निघाला नव्हता.

सरांनी हात वर केला. "आवाज छान. पण सूर उतरलाय. बॅरल आत ढकल."

"आतच आहे सर. पूर्ण."

उतरलेला सूर चढवायला बॅरल आत ढकलतात. पण पूर्ण आत गेलेल्या लांब बॅरलला कुठे ढकलणार? आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानात समोर साखर होती. ती समोर असली की मी रीड, म्हणजे तोंडात धरायची ती वेताची पातळ पट्टी, चावते. रीड चावली की सूर चढतो. त्या चढलेल्या सुराच्या मापाचा बॅरल मी मोठ्या थाटात निवडून आणला होता! आणि हे साखरेला कळलं होतं. मला नाही, तिला! नाकाला मिरच्या झोंबल्या.

"सर, एक मिनिट." पेटीतून जुना बॅरल काढला, लावला, जबडा सैलच ठेवला. सूर जागच्या जागी. शिट्टी नाही, काही नाही.

सर खुर्चीत मागे रेलले. "हाच वाजव. पण सगळ्यांसमोर. बोलाव त्यांना."

सगळे आत आले. साखरेची खुर्ची माझ्या अगदी शेजारी. तिने माझ्या क्लॅरिनेटकडे पाहिलं आणि पुटपुटली, "जुनाच ना? मग आता चावू नकोस."

असला राग आला! पण रागाला जबड्यात येऊ दिलं नाही; खाली, पायाच्या अंगठ्यात पाठवलं. अंगठा बुटात वळवळत होता आणि वर सूर निवांत चालला होता. शेवटचा सूर संपला.

"सोलो छोटीवर," सर म्हणाले. "चला, आता सगळे मिळून."

पहिल्याच ओळीत माझ्या शेजारून आवाज आला, चीं! सगळ्यांनी माना वळवल्या. साखर! आयुष्यात पहिल्यांदा. तिचे कान लाल, आणि खालच्या ओठावर दातांची खूण, अगदी माझ्यासारखी.

मी तिच्याकडे वाकले. "लांब बॅरल हवाय का गं? माझ्याकडे एक नवाकोरा पडलाय."

"तो माझ्या क्लॅरिनेटला बसत नाही," ती दात-ओठ खात म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं. "फार वाईट वाटतंय गं मला."