दुसऱ्या टोलाची मुलं

मित्रांनो, मी एक जुना टोल आहे. देवळातली घंटा नव्हे हं, रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा! गारगोटीच्या रस्त्यालगतच्या एका वसतिगृहात मला लिंबाला टांगलं होतं. माझा आवाज पार ओढ्यापल्याड जातो म्हणून अधीक्षक हंबीरराव कौतुक करायचे आणि मीही फुशारून जायचो.

जेवणाला मात्र दोन टोल पडत. पहिल्या टोलाला सगळी मुलं पंगतीला बसत. पारधी वस्तीवरची मुलं तेवढी भिंतीकडेला उभी राहत. त्यांची झडती घ्यायची आणि मगच दुसरा टोल द्यायचा, असा हंबीररावांचा नियम. "ह्यांची जातच चोरटी," ते सर्वांदेखत म्हणायचे. अरे, जन्मल्याबरोबर चोर? मला तेव्हाच चीड यायला हवी होती.

१९९६ साली कोठीतली गुळाची ढेप नाहीशी झाली. हंबीररावांनी फर्मावलं, "चोर कबूल होईस्तवर दुसरा टोल न्हाय!"

सकाळची पंगत उठली, संध्याकाळचीही उठली. धाकटी पोरं भुकेनं भिंतीशीच बसली. तेव्हा त्यांच्यातली थोरली छबू पुढं आली.

"म्याच घेतली की ढेप. आता टोल द्या, बारकी उपाशी हायती."

टोल द्यायचं काम स्वयंपाकीण रत्नव्वाचं. ढेप हंबीररावांनीच पावण्यांच्या गाडीत घातलेली तिनं पाहिली होती. पण नोकरी जाईल म्हणून ती गप्प राहिली. तिनं टोल दिला आणि मी मेला नेहमीसारखाच खणखणीत वाजलो. बारकी जेवायला धावली आणि छबूवर वेत पडू लागला. माझ्या आवाजात तिचं रडणं कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला वसतिगृहातून काढलं.

२००७ साली तिथं जुन्या मुलांचा मोठा समारंभ झाला. मला रंग दिला, हार घातला. आता दवाखान्यात नर्स असलेली छबू बोलावणं आलं म्हणून आली. नव्या अधीक्षकांनी तिला टोल द्यायला सांगितलं, पण तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. थकलेली रत्नव्वा रडतच उठली.

"ढेप हंबीररावसरांनीच नेलती, छबू. म्या डोळ्यानं बघितलंतं."

"मग तवा का बोलली न्हाईस, अक्का?"

रत्नव्वा पदरात तोंड घालून खाली बसली. तो सवाल मलाही होता.

मित्रांनो, मला जपू नका. खुशाल भंगारात घाला. पण तुमच्या पंगतीबाहेर एखादं पोर उभं दिसलं, तर आधी त्याला हाताला धरून शेजारी बसवा. तोवर घास उचलू नका.