साडेआठची पहाट

फुलपाखरू कोशातून निघतं ते पहाटेच, आणि बुधाजी घरी येत ते साडेआठला. शालूचं सगळं दुखणं एवढंच होतं.

बुधाजी तिचे बाबा, अकोल्याला कापसाच्या एका जिनात रातपाळीला. काचबिंदू आहे, महिनाभरात नजर जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. त्यावर बुधाजींनी मागितलं तरी काय? "शालू, तू ते फुलपाखराचं सांगत राहते ना, ते निंगताना मले एक डाव पाहू दे."

नववीतल्या शालूनं कंबरच कसली. भगवंतराव मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं, किड्यांच्या अंगात घड्याळ असतं आणि पहाटेचा उजेड त्याला रोज चावी देतो. मग पहाटच उशिरा केली तर? पाच कोश लागलेल्या संत्र्याच्या डहाळ्या तिनं बाटलीत खोचल्या. त्यावर कोंबड्यांचं डालं, डाल्यावर काळं घोंगडं. रात्री नऊपर्यंत आत कंदिलाचा उजेड, मग सकाळी साडेआठपर्यंत मिट्ट काळोख.

तरी चार फुलपाखरं पहाटेच निघाली. बुधाजी आले की डाल्यात पंख वाळवून बसलेली.

"तुयं घड्याळ पुढं पयते काय व?" ते हसले. समजूत काढणाऱ्याचं हसू ते. शालूला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली. तिची माय पंचफुला हात जोडून पंचशील म्हणत होती. ते संपेतो फटफटलं, आणि मायनं हळूच घोंगडं वर केलं.

"माय! हे काय करून राहिली?"

पंचफुला दचकली. "आता तोंडानं म्हटलं, कोन्या जीवाले दुखवनार नाही. अन् इकडं जित्ता जीव अंधारात कोंडलेला! रोज जरासा उजेड दाखवतो अन् झाकून देतो."

"तूच त्याइले पहाट दाखवली! बाबाचे डोये महिन्याचे पाहुणे, अन् तू..."

"मले वाटलं, तुया शाळेचं असन. सांगतलं काहून नाही, पोरी?"

शालूची मान खाली गेली. अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं तिनं, घरात मायला मात्र नाही.

एक कोश उरला होता, हिरवागार, कच्चा. त्या दिवसापासून पंचफुला रोज रात्री दाराच्या फटीत पोतं कोंबे. पंचशील म्हणताना ती डाल्याकडे पाठ करून बसे, आणि उठताना एकदा तरी तिचा हात घोंगड्याकडे जाई, मग मागं येई.

सहाव्या दिवशी कोश काळवंडला, आतले पिवळे ठिपके दिसू लागले. सातव्या दिवशी पंचफुला मजुरीला गेलीच नाही. बुधाजी आले, केसांत सरकीचा कापूस तसाच. शालूनं घोंगडं काढलं, डालं उचललं.

बराच वेळ काहीच नाही. मग कोश उकलला. ओला, चुरगळलेला जीव डहाळीला लोंबकळला. बुधाजींनी तोंड इतकं जवळ नेलं की त्यांच्या श्वासानं तो हलला.

"हे तं धुऊन पियून टाकलेलं वलं लुगडं व्हय!" ते पुटपुटले.

"आता पंख भरतीन, बाबा. दिसते ना?"

"बोलू नको. पाहून राहिलो."

पंख तासाभरात वाळले. फुलपाखरू उठलं आणि दारातून उन्हात गेलं.

"कोनीकडं गेलं?"

पंचफुलानं समोरच्या छपराच्या कवेलूकडे बोट केलं. ते बोट त्यांना दिसलं नाही. मग तिनं त्यांचा हात धरला आणि त्या दिशेला वळवला.