डोंगरसिंगचा साग

"नाकेदार, हाई झाड का सोडं तू?"

फुलीबाई माझी वाट अडवून उभी होती. माझ्या हातात जंगलखात्याचा हातोडा होता. मोलगीच्या वरच्या अंगाला सकाळपासून साग ठोकून ठोकून खांदा भरून आला होता. हातोडा बसला की खोडावर सरकारी शिक्का उमटतो आणि झाड संपतं. चौदा वर्षांच्या नोकरीत एवढी झाडं मी कधी संपवली नव्हती. जपानच्या आरमारानं आणि फौजेनं पूर्वेकडची एकेक बंदरं घेतली, बेचाळीसच्या मार्चात रंगूनही गेलं. ब्रह्मदेशचा साग बंद झाला आणि लढाईच्या जहाजांना साग पुरवायला आम्ही सापडलो.

फुलीबाईच्या बांधावरचा साग मी मुद्दाम वगळला होता. तिचा मुलगा डोंगरसिंग रंगूनच्या गोदीत मजूर म्हणून गेला, त्याला वर्ष झालं. पत्र नाही, निरोप नाही. त्यांच्या जमातीत मेलेल्या माणसाच्या नावानं सागाचा कोरीव खांब उभा करतात. म्हातारीला लागेल, असं मला वाटलं.

"तुन्हा पोऱ्याना खांबसाठे ठेयं, माय."

"कोनी सांगं तुले, तो मरी गया?"

मी हातोड्याला चिकटलेली साल खरवडू लागलो.

"जहाज कशानं बनस?"

"लोखंडनं. लाकूड बी लागस."

"मंग मार हातोडा. जहाज जाई, तवय तो येई ना."

मला तिचा रागच आला. नोकरी पणाला लावून आयुष्यात एक चांगली गोष्ट करायला गेलो, तर हिला ती नको होती. खोडावर कमरेइतक्या उंचीला एक खाच होती, तान्ह्या डोंगरसिंगच्या झोळीचा दोर घासून पडलेली. तिच्या वीतभर वर मी हातोडा मारला.

खापरच्या सरकारी लाकूडडेपोत तपासणीच्या साहेबानं तो ओंडका नापास केला. त्याच खाचेतून पाणी मुरून तो आत कुजला होता. मी तो मागच्या ओंडक्यांच्या थप्पीआड ढकलून दिला.

फुलीबाई दर बाजाराला डोंगर उतरून यायची आणि डेपोच्या फाटकाशी उभी राहायची.

"मन्हं झाड गयं का?"

"गयं, माय."

तीन वर्षं मी हेच सांगत आलो. लढाई संपली. डोंगरसिंगबरोबर गेलेल्यांतले दोघे परतले, तो नाही.

एका बाजाराच्या दिवशी मी जेवून आलो, तर ती थप्पीआड बसलेली. बोट त्या खाचेत होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"हाई गयंच नही," ती म्हणाली.

"नही, माय."

तिनं खाचेतून बोट काढलं. मग पदरानं ओंडक्यावरची धूळ पुसली.

"मंग दे आते. खांब करसू."

पुढच्या बाजाराला ती बैलगाडी घेऊन आली. मी पास फाडला. 'कशासाठी' या रकान्यात 'घरकामासाठी' असं लिहिलं. बाहेर जाणाऱ्या लाकडावर सुटकेचा शिक्का मारावा लागतो, म्हणून हातोडा घेऊन गाडीपाशी गेलो. ती ओंडक्याशेजारी बसली होती, खाचेवर तळहात ठेवून, झोळीतल्या पोराला थोपटावं तशी.

मी हातोडा खाली ठेवला आणि फाटक उघडलं.